गच्चीवरचा आंबेमोहोर

सुमेध गायधनीशी बोलायचं तर मध्येच पुतळा व्हायची तयारी लागते. तुम्ही जिन्यात उभे असता, हातात दुधाची पिशवी असते, आत गॅसवर कुकर असतो आणि पाण्याचा पंप बिघडल्याची बातमी तुम्ही त्याला घाईघाईनं सांगत असता. अचानक तो उजव्या हाताचं बोट वर करतो, डोळे मिटतो आणि कुजबुजतो, "काकू, हलू नका." तुम्ही हलत नाही. डमडमच्या आमच्या गल्लीत त्या वेळी ऐकू येण्यासारखं पुष्कळ असतं. डोक्यावरून विमान जात असतं, खाली बॅटरीच्या रिक्षावाले एकमेकांना हॉर्न मारत असतात, समोरच्या घरात गाण्याची शिकवणी चालू असते. यातलं नेमकं काय ऐकायचं हे कळेपर्यंत कुकरची शिट्टी होऊन जाते. मग सुमेध डोळे उघडतो आणि मोठ्या समाधानानं सांगतो, "तांबट होता. बहुधा."

हे 'बहुधा' फार महत्त्वाचं. पक्षी बघणाऱ्यानं छातीठोकपणे काही बोलू नये, असं त्याला कुणीतरी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्यानं ते पक्ष्यांपुरतं ठेवलं नाही. दिवाळीला आमच्याकडे जेवायला आला तेव्हा वाटीत नीट निरखून म्हणाला, "मुगाची आमटी. बहुधा." ऑफिसात साहेबानं विचारलं, शुक्रवारपर्यंत काम होईल का, तर हा म्हणाला, "शक्यता नाकारता येत नाही." साहेब अजून त्याच्यावर चिडून आहे.

आमची ओळख कशी झाली ते आधी सांगते. मी बँकेत आहे. प्रमोशन हवं असेल तर कोलकात्याला जावं लागेल, असं बँकेनं सांगितलं आणि मी आले. विनायक, म्हणजे माझा नवरा, तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता, तोही आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, एका खोलीच्या घरात हा सुमेध. मूळचा नाशिकचा, वय सत्तावीस, सॉल्ट लेकच्या बाजूला एका आयटी कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम करतो. खालच्या पत्रपेटीवर 'गायधनी' हे नाव दिसल्या दिसल्या विनायक लाडवांचा डबा घेऊन चार उड्यांत वर गेला होता. इमारतीत मराठी माणसं आम्ही तिघंच.

पण मुलगा कमालीचा बुजरा. जेवायला बोलावलं की "आज नको काकू, डबा आलाय" म्हणून सटकायचा. हा डबा शेजारच्या गल्लीतल्या एक बाई रोज पाठवायच्या. बंगाली त्याला येत नव्हतं, हिंदी यायची पण तोंडातून निघायची नाही. पहिलं वर्ष त्यानं ऑफिस, मोबाईल आणि झोप यांवर काढलं. तेव्हा त्याच्या लेखी पक्षी दोन प्रकारचे होते: कावळा आणि कावळा नसलेला.

मग पुढच्या थंडीत ऑफिसातल्या कुणीतरी त्याला रविवारी पहाटे पूर्वेकडच्या पाणथळीवर नेलं. तिथे त्यानं दुर्बिणीतून एक खंड्या बघितला. तो निळा रंग बघून म्हणे त्याचा श्वासच अडकला. परत आला तो थेट आमच्या दारात. चपला चिखलानं भरलेल्या, डोळे लाल, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून बोलत होता. "काकू, तो इथेच असतो! रोज असतो! आणि आपल्याला पत्ताच नाही!" मी त्याला चहा दिला. चहा थंड होईपर्यंत तो खंड्याबद्दल बोलला, आणि त्या दिवसापासून आमच्या डोक्यावरचा मुलगा बिघडला.

आधी दुर्बीण आली. तिच्यातून त्यानं समोरच्या बाल्कनीतल्या एका घुबडावर सबंध दुपार पाळत ठेवली. घुबड जराही हललं नाही, यावरून ते फार सावध जातीचं असावं असा त्याचा निष्कर्ष होता. संध्याकाळी समोरच्या वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी ते घुबड उचलून ओल्या फडक्यानं पुसलं. पारवे बसू नयेत म्हणून ठेवलेलं ते प्लास्टिकचं होतं.

मग कपडे आले. रानात दिसू नये म्हणून हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा शर्ट, तसलीच पँट, तसलीच टोपी. या वेषात तो सकाळी मासळीबाजारातून जायला लागला की अख्ख्या डमडममध्ये दुसरं काहीही दिसायचं नाही. कुजबुजायची सवयही तिथूनच लागली. पाखरं उडू नयेत म्हणून पाणथळीवर हळू बोलावं लागतं हे खरं, पण हा भाजीवाल्याकडेही कुजबुजायचा. भाजीवाला घाबरून चार वेळा मागे वळून बघायचा.

या कपड्यांनी एकदा मोठाच घोळ घातला. कुणीतरी सांगितलं, बराकपूरला नदीकाठी जुनी झाडं आहेत, तिथे हळद्या दिसतो. बराकपूर ही लष्कराची छावणी आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. रविवारी सकाळी हा लष्करी दिसणाऱ्या कपड्यांत, गळ्यात दुर्बीण अडकवून तिथे पोचला आणि एका उंच भिंतीपलीकडच्या वडाकडे टक लावून उभा राहिला. थोड्याच वेळात त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खरे जवान उभे होते.

मला फोन आला तेव्हा मी थालीपीठ थापत होते. "काकू," पलीकडून कुजबुज आली, "तुम्ही मला ओळखता, एवढं सांगाल का?" मग फोन एका हवालदारानं घेतला. तो साताऱ्याकडचा निघाला, आणि आपल्या माणसाला झापायला मिळाल्यामुळे रंगातही आला होता.

"बाई, हे पोरगं तुमचं का?"

"शेजारचं आहे."

"काय बघत हुतं म्हनं, हळद्या. नाशकात झाडं न्हाईत का?"

"आहेत हो. तिथे होता तेव्हा बघितली नाहीत."

"मग म्या सोडतो. पर त्येला सांगा, ही कापडं घालून हिकडं पुन्यांदा दिसला तर भिंतीच्या आत घिऊन जाईन, मग बघ म्हनावं काय बघायचं त्ये."

मी याला नीट ओळखते का, असं त्यानं शेवटी पुन्हा विचारलं, तेव्हा "बहुधा" म्हणायचा फार मोह झाला होता. पण आवरला.

पक्षी बघणाऱ्यांच्या भाषेत सुमेध 'नवशिका' होता, आणि त्याला त्याची मुळीच लाज नव्हती. चुकला की तो खळखळून हसायचा आणि त्यातून काहीतरी शिकायचा. हळूहळू आम्हीही बिघडलो. दयाळ कसा शीळ घालतो ते मला कळायला लागलं. विनायक तर बाल्कनीत खुर्ची टाकून शिंपी पक्ष्यांचं घरटं राखायला लागला. मुलं परदेशी असलेल्या माणसाला एवढं पुरतं.

आता खरी गोष्ट. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी विनायक जिन्यातून धापा टाकत आला आणि म्हणाला, "वर कुणीतरी आंबेमोहोर शिजवतंय."

मी हसले. पण जिन्यात जाऊन उभी राहिले. वास होता. अगदी ताज्या आंबेमोहोराचा, पातेल्यावरचं झाकण नुकतं काढल्यासारखा. पुण्याहून येताना मी बॅगेत घालून आणते तो तांदूळ सणासुदीलाच निघतो, त्यामुळे तो वास मी विसरणं शक्य नव्हतं.

"इमारतीत चौथं मराठी माणूस आलंय," विनायक म्हणाला, "आणि आपल्याला पत्ता नाही."

पुढचा आठवडा तो या माणसाच्या शोधात होता. वासाचं कारण सांगायची लाज वाटायची, म्हणून वेगवेगळ्या निमित्तांनी तो दारं वाजवायचा. कधी स्क्रूड्रायव्हर मागायला, कधी पाणी येतंय का विचारायला. दार उघडलं की आत डोकावत एक खोल श्वास घ्यायचा. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी त्याला दम्याचं औषध सांगितलं. मोहरीच्या तेलाशिवाय त्याला काही सापडलं नाही. शेवटी त्यानं सुमेधला हाताशी धरलं, कारण शोध घ्यायची साधनं त्याच्याकडे होती.

सुमेध म्हणाला, वास त्याच्या मजल्यावर तर फारच येतो. रोज दिवेलागणीला. त्यालाही वाटलं होतं की तो आमच्याकडूनच येतो. मग आम्ही तिघं नाकं वर करून एकेक पायरी चढत गेलो. वास गच्चीवर जास्त होता. गच्चीच्या कोपऱ्यात जिन्यावरची छोटी खोली आहे, इथे तिला चिलेकोठा म्हणतात. तिच्यात आमच्या इमारतीच्या दुर्गापूजेचं सामान वर्षभर ठेवलेलं असतं. त्या खोलीच्या भिंतीला छताजवळ वीत-दीड वीत भोक होतं. खाली विष्ठा पडली होती, तिच्यात जांभळाएवढ्या बिया.

सुमेध गुडघ्यावर बसला. त्यानं काडीनं बिया उलटसुलट करून बघितल्या. मग उठला आणि म्हणाला, "काका, हे मराठी कुटुंब नाही. हे उदमांजर आहे."

"बहुधा?" मी विचारलं.

"नाही. नक्की."

उदमांजराच्या अंगाला सुवासिक तांदळाच्या भातासारखा वास असतो, असं त्यानं सांगितलं. विनायकचा चेहरा पार उतरला. आठवडाभर तो ज्याच्याशी मनातल्या मनात गप्पा मारत होता तो शेजारी चार पायांचा निघाला. तेवढ्यात आतून अगदी बारीक आवाज आला, चूं चूं. सुमेधनं आमच्याकडे बघितलं आणि त्याचे डोळे एवढे मोठे झाले की मला भीतीच वाटली.

"पिल्लं आहेत," तो म्हणाला. "काकू, कुणाला सांगायचं नाही. पिल्लं स्वतःच्या पायांनी बाहेर पडायला अजून महिना तरी जाईल. तोवर हे भोक कुणी बुजवलं तर आई बाहेर आणि ती आत."

आम्ही शपथ घेतली. मी ती पाळली.

गणपती आले. मी नैवेद्याला आंबेमोहोर काढला आणि कुकरमध्ये न लावता मोकळ्या पातेल्यात शिजवला. वास जिन्यातून खाली गेला. तळमजल्यावर आमच्या इमारतीचे सेक्रेटरी चाकलादारबाबू राहतात. गुडघ्यांमुळे ते सहसा वर चढत नाहीत, पण त्या दिवशी हातात काठी घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत आले. "भाम!" ते दारातूनच ओरडले. "आपनार घरे भाम ढुकेछे!" तुमच्या घरात उदमांजर शिरलंय. हा वास कशाचा ते बंगाल्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी पातेलं दाखवून "भात है, भात" म्हणत होते. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण आमच्या आंबेमोहोराला कुणीतरी मांजराचा वास म्हटलं, हे विनायकला सहन झालं नाही. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा तो पुढे झाला आणि म्हणाला, "भाम ऊपर है, बाबू! चिलेकोठे में! बच्चों के साथ! ये तो हमारा सबसे बढ़िया चावल है!"

मग त्याचं त्यालाच कळलं. पण चाकलादारबाबू तोपर्यंत जिना उतरायला लागले होते.

रविवारी सभा बोलावली गेली. पूजा जवळ आली होती, आणि सामानाच्या खोलीत जनावर राहतंय, हे कुणालाच चालणार नव्हतं. चाकलादारबाबूंनी सिमेंटची पिशवी आणून जिन्याखाली ठेवलीसुद्धा. सुमेधला हे सांगायला मी वर गेले, तेव्हा मला वाटलं तो विनायकवर चिडेल. तो चिडला नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मला सभेत बोलावं लागणार, काकू." सगळ्या इमारतीसमोर, नीट न येणाऱ्या भाषेत उभं राहून बोलायचं, यापेक्षा त्याला बराकपूरचे जवान परवडले असते.

तळमजल्याच्या बोळात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मातीच्या छोट्या कुल्हडांतून चहा फिरला. चाकलादारबाबूंनी बंगालीत प्रस्ताव मांडला: भोक बुजवायचं, आजच. कुणी म्हणालं, भाम लहान मुलांना चावतो. कुणी म्हणालं, चावत नाही पण पूजेच्या कापडावर घाण करतो. सगळ्यांच्या माना हलल्या. मग सुमेध उभा राहिला आणि कुजबुजला.

"जोरे बोलुन!" मागून आवाज आला. जोरात बोला.

तो पुन्हा कुजबुजला. लोक हसायला लागले. विनायकनं मान खाली घातली होती. मी मनात म्हणत होते, ओरड रे बाबा, एकदा तरी ओरड. त्याचे कान लाल झाले होते, हातातलं कुल्हड वाकडं होऊन चहा पँटवर सांडत होता आणि त्याला ते कळतही नव्हतं.

आणि मग तो ओरडला. अर्धं बंगाली, अर्धं हिंदी, मध्ये एखादा मराठी शब्द. "दादा, ओ मा आछे! छोटो छोटो बाच्चा आछे! पूजो में दुर्गा माँ बच्चों को लेकर कहाँ आती है? बापेर बाड़ी आती है ना? माहेरी येते ना? अपने यहाँ भी एक माँ बच्चे लेकर आई है. पूजा के टाइम पे. आप दरवाजा बंद करेगा?"

बोळातलं हसणं थांबलं. त्याला आपण काय बोललो ते नंतर कळलं असावं, कारण तो घाबरून खाली बसला. दुर्गा दर शरदात आपल्या चार मुलांना घेऊन बापाच्या घरी येते, हे इथलं लेकरू न लेकरू जाणतं. वर्षभर सगळे तिची वाट बघतात. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी पदर डोळ्यांना लावला. चाकलादारबाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणि सामान?" त्यांनी हिंदीत विचारलं. "सामान कुठे ठेवायचं?"

"मेरे घर में," सुमेध म्हणाला.

ठरलं. सर्वपित्री अमावस्येला, इथे तिला महालया म्हणतात, दिव्यांच्या माळा लावणारी माणसं गच्चीवर काम सुरू करणार होती. तोवर मुदत. त्या दिवशी भोक बुजणार, पिल्लं आत असोत की बाहेर. सुमेधचा जीव अर्धाच भांड्यात पडला.

त्याच्या एका खोलीत मग पूजेचं सगळं सामान आलं. भोगाच्या प्रसादाची भलीमोठी कढई पलंगाखाली. कापडाचे तागे कपाटावर. दिव्यांच्या माळांचा गुंता खुर्चीवर. पलंगावर, भिंतीच्या बाजूला, गेल्या वर्षीचा थर्मोकोलचा मोर, त्याला दुसरीकडे जागाच नव्हती. सुमेध उरलेल्या वीतभर जागेत झोपायचा. "निदान हा ओळखायला सोपा आहे," तो मोराकडे बघून म्हणाला.

रोज संध्याकाळी तो वर जायचा. गच्ची झाडायचा, बिया उचलायचा आणि दाराबाहेर बसून राहायचा. सकाळी भेटला की मी भुवया उंचावून विचारायची आणि तो मान हलवायचा. नाही, अजून आतच. दिवस जात होते. चाकलादारबाबू जिन्याखालच्या सिमेंटच्या पिशवीवरची धूळ झटकत राहिले. सुमेध वाळला होता. कामात चुका शोधणाऱ्या माणसाच्याच कामात चुका निघायला लागल्या म्हणे.

महालयाच्या आदल्या संध्याकाळी मला राहवलं नाही. मी आणि विनायक हळूच गच्चीवर गेलो. सुमेध चिलेकोठ्याच्या पायरीवर बसला होता. आम्हाला बघून त्यानं बोट वर केलं आणि आम्ही जागच्या जागी थांबलो.

भोकातून आधी एक काळसर तोंड बाहेर आलं. मग लांब, करडं अंग, लांब शेपूट. आई होती. ती गच्चीच्या कठड्यावर उतरली, तिनं आमच्याकडे अजिबात लक्ष दिलं नाही, आणि मागे वळून पाहिलं. एक पिल्लू उतरलं. दुसरं उतरलं. तिसरं भोकाच्या तोंडाशी बसून राहिलं. कठड्यापासून इमारतीमागच्या आंब्याच्या फांदीपर्यंत हातभर अंतर होतं. आई उडी मारून गेली, तिच्यामागे दोन्ही पिल्लं गेली. तिसरं कसंबसं कठड्यापर्यंत आलं आणि चूं चूं करत तिथेच अडलं.

"जा," सुमेध म्हणाला. अगदी हलक्या आवाजात. "जा रे राजा. काही होत नाही. जा."

पिल्लानं उडी मारली, फांदीला लोंबकळलं, मागचे पाय हवेत झाडले. विनायकनं माझा दंड एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. मग ते वर चढलं. पानं हलली आणि चौघंही आंब्याच्या अंधारात गेली.

सुमेधच्या गळ्यात कॅमेरा होता. अख्ख्या गावातल्या पक्षीवाल्यांनी हेव्यानं जळावं असं दृश्य समोरून गेलं, आणि त्याला भिंगावरचं झाकण काढायचंही सुचलं नव्हतं. मुलाला लांबच्या गाडीत बसवून द्यायला आलेल्या बापासारखा तो आंब्याकडे बघत उभा होता. "सावकाश जा गं," तो झाडाला म्हणाला. "रस्ता बघून ओलांडा."

आम्हाला हसू आलं. जीव हलका झाला होता, आम्ही त्याची पाठ थोपटली, त्याला मिठाई खाऊ घालायची असं विनायक सांगायला लागला. सुमेधही हसला. पण तो परत पायरीवर बसला तेव्हा मला त्याच्या शेजारी स्टीलचा डबा दिसला. उघडलेला, भात अर्धा खाल्लेला, पाण्याची बाटली, खाली पसरलेलं वर्तमानपत्र.

"इथे जेवतोस?" मी विचारलं.

"रोज." मग म्हणाला, "खोलीत जेवताना मोबाईल लावून बसावं लागतं, काकू. इथे लावावा लागत नव्हता."

तोच पुढे म्हणाला, "तसे घरी सगळे आहेत. आई रोज फोन करते, जेवलास का विचारते, मी हो म्हणतो. पण इथे बसलं की तो वास यायचा, आतून काहीतरी खुडबुड ऐकू यायची. वाटायचं, आत कुणीतरी स्वयंपाक करतंय. आपल्याला वाढून देऊन आत गेलंय, येईल आता." तो ओशाळून हसला. "चुकीचं निरीक्षण आहे. पण छान वाटायचं."

दोन वर्षं हा मुलगा माझ्या डोक्यावर राहत होता, आणि "डबा आलाय" म्हणाला की मी सुटले म्हणून दार लावून घ्यायची. आणि ती पिल्लं सुखरूप जावीत म्हणून त्यानं सगळ्या इमारतीसमोर घसा फोडला होता. ती गेली की आपण पुन्हा मोबाईल लावून जेवणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"डबा उचल," मी म्हटलं. "खाली चल."

"नको काकू, आता अर्धा झालाय..."

"मी विचारत नाहीये."

तो आला. मी बँकेतून दमून आले होते, तरी पुन्हा गॅस पेटवला. विनायकनं ताटं घेतली, लिंबू चिरलं. सुमेध टेबलाशी अवघडून बसला. वरण-भात वाढला, तूप घातलं, आणि तो खाली मान घालून जेवायला लागला. विनायक त्या तिसऱ्या पिल्लाची नक्कल करून दाखवत होता. आम्ही हसत होतो. मधेच सुमेधचा घास हातातच राहिला.

"काकू, तुमची बदली कधी असते?"

"का रे?"

"सहजच."

त्यानं मान वर केली नाही. विनायकनं माझ्याकडे बघितलं. पुढच्या उन्हाळ्यात प्रमोशन आणि त्याबरोबर बदली यायची होती, हे विनायकला माहीत होतं.

"आहे अजून खूप वर्षं," मी म्हणाले. पुढच्या उन्हाळ्याचं प्रमोशन नाकारायचं, हे माझं त्या क्षणी ठरलं.

"बरं," सुमेध म्हणाला, आणि त्यानं ताट पुढे केलं. "मग थोडा भात वाढा."